मावशीचे पाय आणि विमानातील खुर्ची

माझी एक मावशी आहे. वय अडुसष्ट. गेल्या वर्षी ती मुंबईहून न्यूयॉर्कला मुलाकडे गेली. विमान मध्ये कोठेही न थांबणारे, प्रवास पंधरा-सोळा तासांचा. बाहेरचे दिसावे म्हणून तिने खिडकीजवळची जागा मागून घेतली, आणि शेजारच्या दोघांना उठवण्याचा संकोच वाटल्यामुळे जवळजवळ सगळा वेळ ती जागेवरच बसून राहिली. उतरण्याची वेळ झाली तेव्हा सकाळी सैल होणारे बूट पायात जाईनात. पाय टम्म सुजले होते.

परत आल्यावर तिने मला गाठले. "अरे, तू कॉलेजात फिजिक्स शिकवतोस ना? मग मला सांग, पुढच्या पडद्याआड जी माणसे पाय पसरून झोपली होती, त्यांचे पाय सुजत नसतील का? एवढे पैसे मोजून त्यांना नेमके मिळते तरी काय?"

प्रश्न ऐकायला घरगुती आहे, पण त्याच्या उत्तरात दाब, द्रवस्तंभ, उतरण, पास्कल आणि बॉइल ही तुमच्या पाठ्यपुस्तकातील सगळी मंडळी येऊन जातात. तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, मावशीला दिलेले उत्तर तुम्हालाही सांगतो.

प्रथम एक साधा प्रयोग करा. खिडकीच्या स्वच्छ काचेवर हाताचा तळवा जोरात दाबा आणि मित्राला पलीकडून पाहायला सांगा. काचेला टेकलेला भाग पांढराफटक दिसेल. हात काढताच तो पुन्हा गुलाबी होईल. त्वचेखाली केसाहून बारीक अशा रक्तवाहिन्यांचे जाळे असते. त्यांना केशवाहिन्या म्हणतात. बाहेरून पडणारा दाब आतील रक्ताच्या दाबापेक्षा अधिक झाला, की त्या चेपल्या जातात आणि तेथले रक्त बाजूला सरते. म्हणून पांढरा रंग.

आता दुसरा प्रयोग. वर्गातील लाकडी बाकावर बसताना दोन्ही हातांचे तळवे वरच्या बाजूला करून बुडाखाली ठेवा. तळव्यांना दोन कठीण उंचवटे टोचतील. ही आपली बसण्याची हाडे. कठीण बाकावर बसले की शरीराचा बराचसा भार ह्या दोन हाडांखालील थोड्याशा जागेवर येतो.

किती भार? हिशेब करू. तुमचे वजन ६० किलोग्रॅम आहे असे समजा. बसलेले असताना त्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश, म्हणजे ४५ किलोग्रॅम, बैठकीवर येते. उरलेले पाय, पाठ आणि हात टेकलेल्या ठिकाणी वाटले जाते. कठीण बाकाशी प्रत्यक्ष टेकणारे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर धरले, तर दर चौरस सेंटिमीटरला २२५ ग्रॅम भार येतो. चांगल्या गादीच्या खुर्चीत मांड्यांसह सुमारे १००० चौरस सेंटिमीटर भाग टेकतो. भार येतो ४५ ग्रॅम. आणि गादीवर उताणे झोपलात, तर शरीराचा साधारण एक चतुर्थांश पृष्ठभाग, म्हणजे ४००० चौरस सेंटिमीटर, टेकतो. आता भार सगळे ६० किलोग्रॅम असूनही दर चौरस सेंटिमीटरला फक्त १५ ग्रॅम.

ह्या आकड्यांशेजारी आणखी एक आकडा ठेवा. १९३० साली यूजीन लँडिस ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने माणसाच्या नखाच्या कडेच्या त्वचेतील केशवाहिनीत अतिशय बारीक नळी घालून आतील दाब मोजला. केशवाहिनीच्या सुरुवातीला तो सरासरी ३२ मिलिमीटर पारा भरला. पाऱ्याची घनता १३.६ आहे, तेव्हा ३.२ ला १३.६ ने गुणा. दर चौरस सेंटिमीटरला ४३.५ ग्रॅम! म्हणजे बाकावर आपण ह्या मर्यादेच्या कितीतरी पुढे असतो, चांगल्या खुर्चीत जेमतेम काठावर, आणि अंथरुणावर पुष्कळच अलीकडे. ही काही काटेकोर सीमारेषा नव्हे. शरीर स्वतःचा बचाव करत असते, आणि दाबही सगळीकडे सारखा नसतो. पण तासाभरात बाकावर चुळबूळ का सुरू होते, हे ह्यावरून ध्यानात येते. चुळबूळ करणे हा वात्रटपणा नसून रक्ताला वाट करून देणे आहे. (हे वाक्य वर्गशिक्षकांना दाखवायला हरकत नाही.)

बहुतेकांना वाटते की महागडी खुर्ची म्हणजे मऊ खुर्ची. पण मऊपणा आणि आराम ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फार मऊ फोमवर बसले तर तो तळापर्यंत दबतो आणि बसण्याची हाडे खालच्या पत्र्याला जाऊन भिडतात. घरातील जुन्या कापसाच्या गादीला मध्ये खड्डा पडला की पाठ दुखते. खरा उद्देश भार पसरवण्याचा असतो. सुंभाने विणलेली बाज हाताला मुळीच मऊ लागत नाही, तरी तिच्यावर झोप उत्तम लागते. कारण विणकाम शरीराच्या आकाराप्रमाणे झोळ घेते आणि टेकण्याचे क्षेत्रफळ वाढते. ह्याच विचारातून १९६६ साली चार्ल्स योस्ट ह्या अभियंत्याने अमेरिकेच्या 'नासा' ह्या अंतराळ संस्थेसाठी एक नवा फोम तयार केला. हेतू विमानातील आसने सुधारणे हाच होता. तो दाबला की हळूहळू दबतो आणि सोडला की हळूहळू मूळ आकारावर येतो, बराचसा मळलेल्या कणकेसारखा. अंगाच्या उष्णतेने तो थोडा सैल होतो आणि उंचवटे असतील तेथे अधिक खचतो. आज बाजारात गाद्या-उशांच्या जाहिरातींत ज्याचा गाजावाजा चालतो, तो 'मेमरी फोम' हाच.

तरीही एक गोष्ट पक्की आहे. न हालता पंधरा तास बसता येईल अशी गादी कोणी बनवू शकलेले नाही. गाढ झोपेतही आपण कूस बदलत असतो. त्यामुळे महागड्या आसनात जी खरी वस्तू विकत मिळते, ती गादी नसून गादीभोवतीची मोकळी जागा आहे. साध्या वर्गात एका आसनापासून पुढच्या आसनापर्यंतचे अंतर बहुधा ७९ ते ८१ सेंटिमीटर आणि रुंदी ४३ ते ४६ सेंटिमीटर असते. एवढ्या जागेत कूस कोठून बदलणार?

आता मावशीच्या पायांकडे वळू.

द्रवाचा दाब खोलीप्रमाणे वाढतो, हे तुम्ही शिकला आहात. रक्त हाही द्रवच. त्याची घनता पाण्यापेक्षा थोडी जास्त, १.०६. बसलेल्या माणसाचे हृदय घोट्यापेक्षा सुमारे ८० सेंटिमीटर उंच असते. तेव्हा घोट्याजवळच्या नीलांमध्ये ८० सेंटिमीटर उंचीच्या रक्तस्तंभाचा दाब असतो. ८० ला १.०६ ने गुणून १३.६ ने भागा. उत्तर ६.२ सेंटिमीटर, म्हणजे ६२ मिलिमीटर पारा. उभ्या माणसात हाच स्तंभ ११० सेंटिमीटरच्या आसपास जातो. आडवे झाले की तो जवळजवळ नाहीसा होतो.

मग उभे राहून काम करणाऱ्याचे पाय बसलेल्यापेक्षा जास्त सुजायला हवेत. न हालता उभे राहिले तर ते सुजतातच. पण चालणाऱ्याचे तसे होत नाही. पोटरीचे स्नायू प्रत्येक पावलाला आवळतात, मधल्या नीला पिळल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. नीलांमध्ये एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असल्यामुळे ते पुन्हा खाली येत नाही. विहिरीवरच्या हातपंपाचे तत्त्व हेच. चालणाऱ्या माणसाच्या घोट्याजवळचा दाब उभ्या माणसाच्या जवळपास एक तृतीयांश इतका उतरतो. मावशीने हा पंप पंधरा तास बंद ठेवला होता. दाब तसाच राहिला, केशवाहिन्यांतून पाणी आजूबाजूला झिरपत राहिले, आणि बूट लहान झाले.

सूज दोन-तीन दिवसांत ओसरते. भीती असते ती दुसऱ्याच गोष्टीची. साचून राहिलेले रक्त पायाच्या खोल नीलांमध्ये गोठू शकते, आणि त्या गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकला तर प्राणावर बेतते. ही गोष्ट प्रथम ठळकपणे दिसली ती विमानात नव्हे. १९४० च्या शरद ऋतूत जर्मनीने लंडनवर रात्रीमागून रात्र बाँबहल्ले केले. लोक तळघरांत आणि निवाऱ्यांत रात्रभर बसून राहत. पुष्कळांनी घरून कॅनव्हासच्या घडीच्या आरामखुर्च्या आणल्या होत्या. कीथ सिंप्सन हे शवपरीक्षा करणारे तज्ज्ञ होते. फुप्फुसात गुठळी अडकून झालेले मृत्यू एकाएकी कैक पटींनी वाढल्याचे त्यांच्या लक्षात आले, आणि 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी त्याच वर्षी ते प्रसिद्ध केले. कारण काय असावे? त्या खुर्चीच्या पुढच्या कडेला एक लाकडी दांडी असते. ती गुडघ्याच्या मागे रुतते आणि नीलांना चिमटा बसतो. सिंप्सन ह्यांनी सुचवलेला उपाय पाहा: निवाऱ्यांत झोपायला फळ्यांचे मंच द्यावेत. खुर्चीऐवजी बिछाना! आपल्याकडे जिला आपण कौतुकाने 'आरामखुर्ची' म्हणतो, तिची ही कथा आहे.

पुढे विमानप्रवासानंतर असे रुग्ण आढळू लागले, तेव्हा १९८८ साली त्याला 'इकॉनॉमी क्लास सिंड्रोम' असे नाव पडले. हे नाव फसवे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली आपल्या अभ्यासाचे निष्कर्ष जाहीर केले. चार तासांहून अधिक प्रवासानंतर गुठळीचा धोका सुमारे दुप्पट होतो. तरीही निरोगी माणसात तो सहा हजारांत एक एवढाच राहतो. आणि हे विमानापुरते नाही. मोटार, बस, रेल्वे, कोठेही तासन्‌तास न हालता बसले तरी तेच. २०१२ साली अमेरिकेतील छातीच्या विकारांच्या तज्ज्ञांच्या संघटनेने तर स्पष्टच सांगितले, की साध्या वर्गात बसल्यामुळे धोका वाढतो ह्याला पुरावा नाही. खिडकीजवळ बसल्यामुळे मात्र तो वाढतो. कारण उघड आहे. खिडकीजवळचा माणूस उठत नाही.

हे ऐकून मावशी गप्प झाली. पुढच्या पडद्याआडच्या माणसाचे पाय वर असतात, त्यामुळे सूज नक्कीच कमी. पण तोही रात्रभर निश्चल पडून राहिला तर त्याचा पंपही बंदच असतो. उलट मार्गिकेच्या कडेला बसून तासा-दीड तासाने फेरी मारणारा साध्या वर्गातील माणूस पोटरीचा पंप फुकटात चालवतो. बसल्या जागी टाचा उचलणे आणि टेकणे ह्यानेही तो थोडा चालतो.

पाठीचे काय? स्वीडनमधील आल्फ नाखेमसन ह्या शल्यवैद्याने १९६० च्या सुमारास कंबरेच्या मणक्यांमधील चकतीत सुई घालून दाब मोजण्यास सुरुवात केली. (अशा प्रयोगाला तयार होणाऱ्या माणसांचेही कौतुक केले पाहिजे.) उभ्या माणसातील दाब १०० मानला, तर टेकल्याशिवाय बसलेल्या माणसात त्यांना तो १४० मिळाला आणि उताण्या झोपलेल्या माणसात २५. पुढे १९९९ साली जर्मनीत उल्म येथे हाच प्रयोग नव्या साधनांनी झाला, तेव्हा सैल बसलेल्या माणसातील दाब उभ्यापेक्षा जास्त निघाला नाही. बसण्याबद्दल दोघांचे एकमत नाही. झोपण्याबद्दल मात्र आहे: उभ्याच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतका.

म्हणजे पूर्ण आडवे होणे सर्वांत उत्तम, आणि ते जमत नसेल तर निदान मागे कलावे. येथे एक भौतिकी गोम आहे. रातराणी बसमध्ये खुर्चीची पाठ मागे पाडून झोपलात, की थोड्या वेळाने तुम्ही पुढे घसरत जाता आणि गुडघे पुढच्या खुर्चीला लागतात. हा अनुभव सर्वांना आहे. कललेली पाठ तुमच्या धडाला आधार देते, म्हणजे ती धडाला पुढे व वर ढकलते. तिच्या बलाचा आडवा घटक कमरेला पुढे सारतो. बैठक सपाट असली तर त्याला तोंड देते ते फक्त घर्षण. म्हणून चांगल्या आसनात पाठ मागे जाताना बैठकीची पुढची कड वर उचलली जाते आणि पोटरीखाली आधार येतो. लाकडी झोपाळ्याची फळी आणि झोळीचा पाळणा ह्यांत जो फरक आहे तोच हा. अमेरिकेच्या स्कायलॅब ह्या अंतराळस्थानकात १९७३-७४ साली असे दिसून आले, की भारहीन अवस्थेत सैल सोडलेले शरीर आपोआप एका ठराविक आकारात स्थिरावते. धड आणि मांडी ह्यांतील कोन सुमारे १२८ अंश होतो. आपण खुर्चीत ज्या ९० अंशांत बसतो, तो कोन शरीराला आवडणारा नव्हे. तो खुर्चीला सोयीचा आहे.

विमानात बिछाना ही कल्पना नवीन नाही. १९३५ मध्ये उडालेले डग्लस कंपनीचे पहिले 'स्लीपर' विमान रात्री झोपून जाण्यासाठीच बांधले होते. प्रसिद्ध 'डकोटा' त्याचेच भावंड. जेट विमाने आली, वेळ कमी झाला, प्रवासी वाढले आणि बिछाने गेले. ते परत आले ते १९९० नंतर. मात्र प्रारंभीच्या पुष्कळ आसनांत एक तडजोड होती. खुर्ची सरळ फळीसारखी होई खरी, पण ती जमिनीशी समांतर नसे. पायांकडे उतरती असे. उताराची फळी जागा कमी खाते.

समजा, ती फळी विमानाच्या जमिनीशी ८ अंशांचा कोन करते. आता गंमत अशी की उडणाऱ्या विमानाची जमीनही क्षितिजसमांतर नसते. पंखांना उचल मिळावी म्हणून विमान नाक किंचित वर करून उडते, साधारण २ ते ३ अंश. प्रवाशाचे पाय नाकाकडे असतील तर तेवढा उतार वजा होतो. ८ मधून अडीच गेले, राहिले साडेपाच. उतरणीवरील बलाचे सूत्र तुम्हाला ठाऊक आहे: वजन गुणिले कोनाची ज्या. ६० किलोग्रॅम गुणिले ०.०९६ बरोबर सुमारे पावणेसहा किलोग्रॅम. एवढे बल रात्रभर प्रवाशाला पायांकडे ओढत असते.

कापडावर कापडाचे घर्षण एवढे बल सहज पेलते. मग माणूस घसरतो का? कारण तो कूस बदलतो. कूस बदलताना अंगाचा काही भाग उचलला जातो, तेथील घर्षण संपते आणि माणूस दोन बोटे खाली येतो. विमानाची थरथर भर घालते. पहाटेपर्यंत तो पायथ्याशी गोळा होऊन बसलेला असतो. आणि तो जागचा हलला नाही, तरी आतली हाडे खाली जाऊ पाहतात व कातडी कापडाला धरून राहते, ती ओढ निराळीच. उतरता बिछाना प्रवाशांना का आवडला नाही, ह्याचे उत्तर उतरणीच्या धड्यात आहे. ज्याचे डोके नाकाकडे आहे अशा प्रवाशाचा उतार किती होईल, ते तुम्ही काढा.

पूर्ण सपाट बिछान्याला लांबी लागते जवळजवळ दोन मीटर. तेवढ्यात साध्या वर्गाच्या अडीच रांगा बसतात. मग विमान कंपनीला परवडावे कसे? २००० साली ब्रिटिश एअरवेज कंपनीने बिझिनेस क्लासमध्ये सपाट बिछाने आणले, तेव्हा त्यांच्या अभिकल्पकांनी एक साधी गोष्ट हेरली. माणूस खांद्याशी रुंद आणि पावलांशी अरुंद असतो. नव्या बुटांच्या खोक्यात एक बूट सुलटा आणि एक उलटा का ठेवतात? खांदे ५० सेंटिमीटर आणि पावले ३० सेंटिमीटर धरली, तर दोन माणसांना सुलट-सुलट ठेवण्यास १०० सेंटिमीटर रुंदी लागेल. उलट-सुलट ठेवण्यास ८०. म्हणून त्यांनी शेजारच्या दोघांची तोंडे विरुद्ध दिशांना केली. लग्नघरात एका गादीवर पाच पोरे झोपवायची असली, की आपल्या आज्या हेच करत आल्या आहेत. नंतर आसने तिरपी ठेवून माशाच्या काट्यासारखी रचना आली, आणि पावले पुढच्या माणसाच्या हाताखालच्या कोनाड्यात सरकवण्याची युक्तीही आली. जागा तेवढीच, भूमिती निराळी.

तिरप्या आसनाला मात्र एक अडचण येते. १९८८ साली अमेरिकेत नियम झाला, की नव्या प्रकारच्या विमानातील आसनाने पुढच्या दिशेने गुरुत्वत्वरणाच्या १६ पट धक्का सोसला पाहिजे. ६० किलोग्रॅमचा प्रवासी त्या क्षणी ९६० किलोग्रॅमसारखा वागतो. समोर तोंड करून बसलेल्याला कमरेचा पट्टा धरून ठेवतो. तिरप्या बसलेल्याचे धड आणि डोके आडवे फेकले जाते. म्हणून अशा पुष्कळ आसनांच्या पट्ट्यात फुगणारी पिशवी असते. उड्डाण करताना आणि उतरताना पाठ सरळ करायला लावतात, तेही उगीच नव्हे.

येथवर पैशाने काय मिळते ते पाहिले. आता जे मिळत नाही ते.

विमान ११-१२ किलोमीटर उंचीवर असते. बाहेरचा हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे एक पंचमांश. आत हवा भरून दाब वाढवतात, पण तो जमिनीइतका करत नाहीत. कारण आतला-बाहेरचा फरक जितका जास्त, तितका विमानाच्या नळकांड्यावर ताण जास्त. नियमाप्रमाणे आतला दाब २४०० मीटर उंचीवरील दाबापेक्षा कमी होता कामा नये. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटर आहे. म्हणजे विमानात बसून आपण कळसूबाईच्याही वर, उटीच्याही थोडे वर, पंधरा तास राहतो! तेथे दाब समुद्रसपाटीच्या तीन चतुर्थांश. बॉइलच्या नियमाने पोटातील वायू एक तृतीयांशाने फुगतो. वेफर्सची पिशवी फुगलेली दिसते, तसेच पोट.

आणि पास्कलचा नियम तिकीट विचारत नाही. पहिल्या वर्गात दाब जेवढा, तेवढाच शेवटच्या रांगेत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ५०२ स्वयंसेवकांना दाब कमी केलेल्या खोलीत २० तास बसवले. २४०० मीटरच्या दाबाला रक्तातील प्राणवायूची पातळी सुमारे ४ टक्क्यांनी उतरली, आणि २१०० ते २४०० मीटरवर काही तासांनंतर अंगदुखी, थकवा अशा तक्रारी वाढल्या. १८०० मीटरला तसे दिसले नाही. २०११ साली वापरात आलेले बॉइंग ७८७ आणि २०१५ साली आलेले एअरबस ए-३५० ह्यांचे सांगाडे मुख्यतः कार्बन तंतूंच्या मिश्रणाचे आहेत, आणि त्यांच्यात दाब १८०० मीटरइतका ठेवतात. म्हणजे अशा विमानातील मागच्या खुर्चीतला प्रवासी जुन्या विमानातील पहिल्या वर्गापेक्षा चांगल्या दाबात बसतो. विमानाचे नाव तिकिटावर असते, पण ते कोणी पाहत नाही. सिंगापूरहून न्यूयॉर्कजवळच्या न्यूअर्कला २०१८ मध्ये पुन्हा सुरू झालेली अठरा तासांवरची विमानसेवा ए-३५० ने चालवली गेली, आणि तिच्यात साधा वर्ग ठेवलाच नाही. त्या प्रवाशांना आसन आणि दाब दोन्ही लाभले.

मावशीची शेवटची तक्रार होती ओठ फुटल्याची आणि नाक कोरडे पडल्याची. बाहेरची हवा शून्याखाली ५५ अंश असते. तिच्यात बाष्प जवळजवळ नसतेच. तीच दाबून आणि तापवून आत घेतात. सापेक्ष आर्द्रता बहुधा १० ते २० टक्के राहते. एप्रिलच्या दुपारी विदर्भात असते तशी, किंवा त्याहूनही कोरडी. आत जो थोडा ओलावा येतो तो येतो कोठून? प्रवाशांच्या श्वासातून आणि घामातून. मग जेथे माणसे दाटीने बसली आहेत तेथे ओलावा अधिक, आणि जेथे मोकळी ऐसपैस जागा आहे तेथे कमी. म्हणजे जितके महाग आसन, तितकी हवा कोरडी!

हे सांगितल्यावर मावशी मनापासून हसली. "म्हणजे माझे ओठ त्यांच्यापेक्षा कमी फुटले म्हणायचे," ती म्हणाली. काही विमानांत पुढच्या भागापुरती हवा ओली करणारी यंत्रे बसवतात. पण त्यासाठी पाणी वाहून न्यावे लागते, आणि हवेत सोडलेले बाष्प विमानाच्या थंडगार पत्र्याच्या आतल्या बाजूला जाऊन बर्फ होऊन चिकटते. विमान खाली उतरले की तो वितळतो आणि अस्तर ओले करतो. ते वाळवण्यासाठी मग आणखी एक यंत्र.